चौथं चाक

२ मार्च, सोमवार
विमानतळाच्या ईआरपी प्रोजेक्टचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. डायरेक्टरसाहेब म्हणाले, तुमच्याशिवाय हे कोणाला झेपणार? (आधी आणखी दोघांना विचारलं होतं म्हणे. त्या दोघांचा वकूब मला माहीत आहे.) पगार, रजा, गेट-पास, स्टोअर, दुरुस्ती, सगळं आता एकाच सिस्टिममध्ये. कागद बंद. १ एप्रिलला गो-लाइव्ह.

घरी सांगितलं. ही म्हणाली, बरं, पण लेकीचं विमान १५ एप्रिलला आहे तेवढं लक्षात असू द्या. लेक नोकरीसाठी परदेशी चालली आहे, निदान तीन वर्षं तरी येणार नाही. लक्षात न राहायला काय झालं? उलट तारखा सोयीच्या आहेत. एक तारखेला सिस्टिम चालू, नंतरचे सगळे दिवस लेकीचे.

संकल्प: रोज सातच्या आत घरी.

५ मार्च
आज उशीर झाला. अपवाद.

लेकीच्या मोठ्या बॅगेचं एक चाक निखळलंय. ती दुकानात देणार होती. मी म्हटलं, बाप विमानतळावर आणि बॅग दुकानात? आमच्या वर्कशॉपमध्ये विमानाला लावायच्या शिड्या दुरुस्त होतात! चाक खिशात घालून आणलं.

९ मार्च
सल्लागार कंपनीचा माणूस आला. बूट आरशासारखे. काहीही विचारा, म्हणतो, ते रोडमॅपमध्ये आहे. मी त्याचं नाव रोडमॅपच ठेवलंय. नमनालाच घडाभर तेल घातलं, आणि शेवटी कळलं की झाडूलासुद्धा सिस्टिममध्ये नंबर लागणार. सफाई विभागाच्या बाई म्हणाल्या, साहेब, नंबर येईपर्यंत फुंकर मारून झाडू का? सगळे हसले. वातावरण सकारात्मक आहे.

वर्कशॉपचा फोरमन म्हणाला, द्या ते चाक इकडे, चहा होईपर्यंत नीट करून देतो. दिलं नाही. यापुढे वर्क ऑर्डरशिवाय काम नाही, हा नियम मीच केलाय. मीच कसा मोडू? सिस्टिम चालू झाली की पहिली वर्क ऑर्डर या चाकाची. लेकीला केवढा अभिमान वाटेल.

१६ मार्च
ट्रेनिंगला कोणी फिरकत नाही. शुक्रवारी हॉलमध्ये मी, प्रोजेक्टर आणि चुकून शिरलेला एक प्रवासी.

आज डोकं चालवलं. नवा नियम: ज्याचं ट्रेनिंग झालं नाही, त्याचा गेट-पास गो-लाइव्हच्या दिवशी आपोआप बंद. वशिला नाही, ओळख नाही. दुपारीच हॉल भरला.

असिस्टंट म्हणाली, सर, चुकून कोणाचा बंद झाला तर चालू कोण करणार? मी. सर, आणखी कोणाला तरी अधिकार देऊन ठेवू या. नाही. एका कुलपाला दोन किल्ल्या झाल्या की त्याला कुलूप म्हणत नाहीत. वाक्य माझं मलाच आवडलं. गुणी मुलगी आहे, पण शंकेखोर.

२६ मार्च
चाचणी झाली. सिस्टिमने अग्निशमन दलातल्या सगळ्यांची रजा एकाच दिवशी मंजूर केली. डायरेक्टरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. रोडमॅप म्हणाला, चुका सापडणं हेच चाचणीचं यश. पटलं.

गो-लाइव्ह पुढे ढकलला, ८ एप्रिल.

लेक बॅगेचं विचारत होती. म्हटलं, होतंय. तिला सामानाच्या वजनाचा तक्ता करून दिला, प्रत्येक कपड्यापुढे लाल-हिरवा रंग. म्हणाली, बाबा, तक्ता छान आहे, पण जरा बसा ना इथे. बसलो. तेवढ्यात फोन आला.

४ एप्रिल
पुन्हा पुढे. आता १५ एप्रिल.

हो, तोच दिवस. हिने भांडी जोरात मांडली. मग मी नीट समजावून सांगितलं. विमान अकराला. सिस्टिम पहाटेच चालू होणार, आठला डायरेक्टरसाहेब बटण दाबणार. (बटण नुसतं दाखवायला. कशालाच जोडलेलं नाही.) नऊनंतर मी मोकळा. बाकीचे बाप बाहेर काचेला नाक लावून उभे राहतात. माझ्याकडे पास आहे, मी विमानाच्या दारापर्यंत जाणार. मग घरी रडारड कशाला? निरोप तिथेच घेऊ, निवांत.

लेक म्हणाली, नक्की ना बाबा? म्हटलं, लिहून देतो. म्हणाली, लिहून नको, या.

१० एप्रिल
लेकीला निरोप म्हणून हिने जवळची माणसं जेवायला बोलावली होती. पोचलो तेव्हा ताटं उचलली होती. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुमचं विमान लेट झालं वाटतं. हसलो.

लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाट रिकामं. आत गेलो नाही. रिकामं कपाट बघून काय करायचं? दार ओढून घेतलं.

असिस्टंटने आज विचारलं, सर, तुमचं ट्रेनिंग? मला हसूच आलं. एवढ्या सगळ्या बॅच मी शिकवल्या, मला कोण शिकवणार?

१३ एप्रिल
शेवटची सभा. सिक्युरिटी इनचार्जला मी मनातल्या मनात दगड म्हणतो. हलत नाही, हसत नाही. त्याला सगळ्यांसमोर बजावलं, लाल दिवा लागला तर कोणालाही सोडायचं नाही. अगदी मी आलो तरी! टाळ्या पडल्या. दगड म्हणाला, बरं.

१५ एप्रिल, सकाळी ६
निघतोय. लेक दारात येऊन उभी राहिली. रोडमॅपचा फोन चालू होता, म्हणून हातानेच खूण केली, तिथे भेटू. चाक खिशात आहे. सामान जमा व्हायच्या आत बसवून घेतो.

सकाळी ७.४० (स्टाफ गेटबाहेर, बाकावर)
लाल.

कार्ड पुसलं. लाल. उलटं लावलं. लाल. माझ्यामागे सफाईच्या बाई होत्या. हिरवा, गेल्या आत. फोरमन हिरवा. चहावाला हिरवा.

किरकोळ तांत्रिक अडचण. सुटेल.

सकाळी ८.१५ (तोच बाक)
असिस्टंट फोनवर म्हणाली, सर, सिस्टिममध्ये हजेरी ट्रेनिंगला बसणाऱ्याची लागते, शिकवणाऱ्याची नाही. तुमचं ट्रेनिंग झालेलंच नाही. पास चालू करायचा अधिकार फक्त तुम्हाला, तोही तुमचा अंगठा लावून, तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. टेबल आत आहे. रोडमॅपला विचारलं तर म्हणाला, बाहेरून अधिकार वापरणं दुसऱ्या टप्प्यात आहे. डायरेक्टरसाहेब बटण दाबण्यात गुंतलेत. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या.

दगडाला म्हटलं, अहो, माझी मुलगी चालली आहे. तो म्हणाला, साहेब, मला वाईट वाटतंय. पण तुम्हीच म्हणाला होतात, मी आलो तरी सोडू नका.

खरंच वाईट वाटत होतं त्याला. चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचाच राग आला.

१५ एप्रिल, संध्याकाळ
विनवण्या करण्यात दहा वाजले. मग इमारतीला वळसा घालून प्रवाशांच्या दाराशी धावलो. ही बाहेर एकटी उभी होती. पोर केव्हाच आत गेली होती. जाताना सारखी मान वळवून बघत होती म्हणे, आईकडे नाही, आतल्या बाजूला. मी तिकडून येणार होतो ना.

बॅग तीन चाकांवर गेली. एका अंगाला कलत.

तिचा फोन आला. बाबा, विमानात सोडायला लागलेत, मी शेवटी थांबलेय, तुम्ही कुठे आहात? खरं सांगायचं होतं. मी बाहेर आहे, काचेपाशी, माझाच पास मी बंद केलाय. तोंडून निघालं, मीटिंगमध्ये अडकलो गं.

ती म्हणाली, माहीत होतं, बाबा. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ही शेजारीच होती, सगळं ऐकत. एरवी दहा गोष्टी सुनावते. आज माझ्या मुठीतलं चाक काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. नंतर रिक्षात एकच म्हणाली, खरं तरी सांगायचं होतं. पोर हसली असती.

१७ एप्रिल
डायरेक्टरसाहेबांचं अभिनंदनाचं पत्र. गो-लाइव्ह पूर्ण यशस्वी. एक किरकोळ घटना वगळता.

आज दिवसभर ट्रेनिंगला बसलो, गेटबाहेरच्या खोलीत. असिस्टंटने शिकवलं. चांगलं शिकवते, माझ्यापेक्षा सावकाश. हजेरी लागली. कार्ड आपोआप हिरवं झालं. दगडाने सलाम केला.

काम काहीच नव्हतं, तरी तिच्या विमानाच्या गेटपर्यंत चालत गेलो. दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाची रांग लागली होती. मला कोणी अडवलं नाही. रांग संपेपर्यंत थांबलो आणि परत आलो.

सातच्या आत घरी. ही म्हणाली, आज लवकर?