जोत्याच्या तीन पायऱ्या

१४ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. तू वेळेवर जेवतेस असं गृहीत धरून पुढे जातो.

तुझ्या इमारतीचं अंदाजपत्रक सोबतच्या पाकिटात आहे. आकडा बघण्याआधी खाली बस. मालकांनी मनात धरलेल्या खर्चाच्या बराच वर गेलाय. परवा त्यांचा मला फोन आला होता. त्यांना फक्त चौरस फुटाला काय पडेल तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, साहेब, शिंप्याला नुसतं वय सांगून शर्ट शिवून घेता का? ते हसले नाहीत. पुढचं तू सांभाळून घे.

घाबरू मात्र नकोस. पैसे कुठे वाहून चाललेत तिथे मी लाल खुणा केल्या आहेत. खालच्या दुकानांना तू जमिनीपासून छतापर्यंत काच दिलीस. दिसायला झकास, पण ती उभी ठेवायला लागणारं लोखंड काचेपेक्षा महाग. खाली दोन फूट भिंत घे आणि काच तिच्यावर बसव. दुकानदार तसाही तिथे खोकीच रचणार आहे. वरच्या दोन्ही मजल्यांवर खोल्यांच्या मधल्या भिंती विटांऐवजी हलक्या ब्लॉकच्या कर, म्हणजे भार कमी आणि खालची सळईही कमी. लॉबीच्या भिंतींना संगमरवर ही मालकांची हौस असावी, तुझी नव्हे. तुला मी ओळखतो. एवढं केलंस की आकडा माणसात येईल.

नकाशे छान झालेत. बाप आहे म्हणून म्हणत नाही. मीटरची खोली, गच्चीच्या पाण्याचे पाइप, जिन्याखालची जागा, नवखे लोक जे हमखास विसरतात त्यातलं तू जवळजवळ काही विसरलेली नाहीस. पहिलीच स्वतःची इमारत आणि इतकी नेटकी. मी तुझ्या आईला म्हटलंसुद्धा, ही माझ्यावर गेली. ती म्हणाली, अक्षर तरी तुमच्यावर गेलेलं नाही, नशीब.

मापं आम्ही नेहमीसारखीच काढली. तुला आठवत असेल, टेबलाखाली बाहुली घेऊन बसायचीस तेव्हापासून ऐकते आहेस. आधी आई नकाशा मोठ्याने वाचणार आणि मी लिहिणार. दुसऱ्या दिवशी उलटं. मी लिहिलेलं वाचायचं आणि तिने नकाशावर त्या त्या जागी बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ती ओळ खोडायची. हा नियम मीच केलेला आहे आणि तो तिने माझ्यापेक्षा कडक पाळलाय.

यावेळी एका ओळीला गाडी अडली. मी वाचलं, प्रवेशाचा रॅम्प, अठरा फूट लांब, वर खडबडीत फरशी, बाजूला कठडा. तिचं बोट नकाशावर फिरत राहिलं.

"कुठे आहे हा?"

"असेल की, दारापाशीच."

"अहो, दारापाशी तीन पायऱ्या आहेत. रॅम्प नाहीये कुठे."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच नव्हता. ठकू, मी मुद्दाम घुसवला नव्हता गं. आदल्या दिवशी तिने वाचलं होतं, जोतं दीड फूट उंच, पायऱ्या तीन. आणि माझ्या हाताने आपोआप रॅम्प लिहिला, दीड फूट चढायला अठरा फूट. एवढ्या वर्षांत मी कामं विसरलोय, दर चुकलोय, एकदा तर अख्खी पाण्याची टाकी गाळली होती. पण नसलेलं काम लिहिलं असं कधी झालं नव्हतं.

ती म्हणाली, "खोडा." मी खोडलं.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. फोनवर हे सांगता येत नाही, कारण फोन तिच्या मांडीवर असतो.

मागच्या आठवड्यात तू विचारलंस, आई हल्ली बोलताना फिरत का नाही, पूर्वी बोलता बोलता सगळं घर पालथं घालायची. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा नाही. उन्हाळ्यात आम्ही तपासणीला गेलो होतो ना, ती तपासणी नव्हती, ऑपरेशन होतं. मणक्यात गाठ होती. ती साधी निघाली, पूर्ण काढली, जिवाला काही धोका नाही. हे वाक्य दोनदा वाच. पण तिचे पाय गेले. परत येतील अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ती आता चाकांच्या खुर्चीत असते. तू तेव्हापासून कामामुळे घरी आली नाहीस, म्हणून लपवता आलं.

तुला सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. माझ्या हृदयाचं झालं तेव्हा तू हातातलं काम टाकून धावत आलीस, आणि ते दुसऱ्याच्या नावावर पुरं झालं. त्या कामाचा फोटो पेपरात आला त्या दिवशी तिने पेपर माझ्या हाती लागू दिला नाही. मला नंतर रद्दीत सापडला. यावेळी म्हणाली, तिची इमारत उभी राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी हो म्हटलं. मला ते पटलं नव्हतं, पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

तशी ती मजेत आहे, खोटं नाही सांगत. खुर्ची इतकी जोरात फिरवते की मीच भिंतीला चिकटून चालतो. दारांचे उंबरे काढून टाकले, बाथरूमचं दार रुंद करून घेतलं. त्या कामाचं माझं अंदाजपत्रक सपशेल गडगडलं. सुतार अजून हसतोय.

पण त्या दिवशी ओळ खोडल्यावर तिने नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, "उद्घाटनाला तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा." येताना दूध आणा म्हणावं, तशा आवाजात. मी म्हटलं, वेडी आहेस का, दोन माणसं बोलावू, तीन पायऱ्या खुर्ची उचलून नेतील. तर म्हणाली, "मुलीच्या पहिल्या इमारतीत मी सामानासारखी जाणार नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

म्हणून दिलेला शब्द मोडतोय. लिफ्ट तू चांगली ऐसपैस दिली आहेस, पण तिच्यापर्यंत पोचायला या तीन पायऱ्या आहेत. डावीकडे फुलझाडांचा पट्टा ठेवलायस, तिथे रॅम्प बसतो. संगमरवर गाळला तर त्याच पैशांत होतो. मालक कुरकुरले तर विचार, पहिला मजला डॉक्टरांना भाड्याने द्यायचा म्हणता, त्यांचे पेशंट काय उड्या मारत येणार? आईचं नाव सांगायचं की नाही ते तू ठरव.

काम सोडून येऊ नकोस. तू आलीस आणि काम गेलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. मग मापं कोण वाचणार? माझ्यावर रागाव, मला सवय आहे. तिच्यावर नको.

पाकिटातल्या कागदांत रॅम्प नाही, कारण नकाशात नाही. तू काढलास की मी धरतो.

वाट बघणारा, शब्द न पाळणारा,
तुझा बाबा


२१ नोव्हेंबर

प्रिय आई,

हे पत्र तुला आहे, बाबांना नाही. ते शेजारी उभे राहून डोकावत असतील तर डोकावू देत.

त्यांनी मला सगळं कळवलंय. त्यांना बोलू नकोस. मी मात्र तुझ्यावर चिडले आहे, खूप. ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी इथे विटांचा रंग निवडत होते, हे मला कायम आठवत राहणार. शनिवारी येते. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून भांडणार आहे. सोमवारी परत इथे, कामावर. सोडणार नाही, तू सोडू देणार नाहीस हे ठाऊक आहे.

मालकांना डॉक्टरांच्या पेशंटचं सांगितलं. ते म्हणाले, पेशंट मागच्या दाराने येतील. मग मी म्हटलं, माझी आई पुढच्या दाराने येणार आहे. त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, काढा रॅम्प. संगमरवर एका भिंतीला राहिला. तेवढं त्यांचं ऐकलं.

फुलझाडं गेली. बाबांनी रॅम्प सरळ अठरा फूट धरला होता, मी मध्ये एक सपाट टप्पा दिलाय. तिथे थांबून दम खाता येईल. तुला नाही, ढकलणाऱ्याला. त्यामुळे माप बदललंय, त्यांना पुन्हा लिहावं लागेल. कठडा तुझ्या हाताला लागेल इतकाच उंच ठेवायचाय, म्हणून शनिवारी टेप घेऊन येते, तू खुर्चीत ताठ बसायचं.

नवा नकाशा सोबत आहे. बाबा वाचतील. तू बोट ठेव, आता जागा आहे.

उद्घाटनाला पुढच्या दारात उभी असेन,
तुझी ठकू