बारावी सांगा, बाबा

बाबा, तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की बोलता येत नाय, म्हणून लिहिते. मी इथे वापीत बरी आहे, वेळेवर जेवते. नाचणी कापून झाली का? आईचा गुडघा कसा आहे?

पोस्टाने घरी आलेली माझी चौथी पदवी तुम्ही लॅमिनेट करून माझ्याच कारखान्यात काम करणाऱ्या जैतूकाकाकडे दिलीत. 'साहेबाच्या हातात दे, पगार वाढवील,' असंही सांगितलंत. काकाने तसंच केलं.

तुमचं काय चुकलं नाय. अर्जावर मी बारावीच लिहिली होती, ते तुम्हाला सांगायचा धीर झाला नाय. साहेब म्हणाले, "एवढी शिकलेली पोर पुडे भरायला टिकायची नाय." सोमवारपासून काम बंद.

जास्त शिकले का हो मी?

माझ्या खोलीत राहणारी भूमिका कामाला जाते, त्या कारखान्यात जागा आहे. ते घरी फोन करून विचारतात, पोरगी किती शिकली.

किन्हवलीच्या एसटीत अनोळखी माणसालाही तुम्ही माझ्या पदव्या ओळीने सांगता. या वेळी फक्त बारावी सांगा.

आणि बारावीनंतर लगेच गप्प बसू नका, बाबा. पावसापाण्याचं काहीतरी बोला. गप्प बसलात की त्यांना कळेल.

तुमचीच,
दिपिका