मनूचा पाचवा वाढदिवस

नांदेड, ११ फेब्रुवारी २०२५

ती. सुकन्याताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू नुसतं हं-हं करतेस, म्हणून यंदाही वाढदिवसाची हकीकत पत्रानेच कळवतो.

परवा मनूला पाच वर्षं पूर्ण झाली. विनीताने बावीस पोरं बोलावली होती. केकवर ‘मनस्विनी’ऐवजी ‘यशस्विनी’ आलं, पण पाहुण्यांत वाचता येणारं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. फुगा फुटला तशी उत्सवमूर्ती पलंगाखाली गेली ती निघेचना. शेवटी मीच डोक्याला पुठ्ठ्याचा मुकुट लावून केक कापला. मी, सुदर्शन गुरुजी, वय चाळीस! पोरांनी मला ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं. परतभेटी वाटायला लागलो तेव्हा मात्र बाई बाहेर आल्या आणि ‘हे समदं माझं हाय’ म्हणत दारात एकेकाकडून कंपासपेट्या परत घेऊ लागल्या. दोन पोरं रडत गेली. खालच्या गंगम्मामावशी हसून हसून जिन्यातच बसल्या.

तू पाठवलेला फ्रॉक सुंदर आहे, पण आखूड झाला. पोरगी उंच होतेय.

एक सांगू की नको, असं झालंय. पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, सगळ्यांच्या आत्या येतात, माझी आत्या पाकिटातच राहते का? विनीता उठून आत गेली. मी विषय बदलला.

भावजींना नमस्कार. तब्येत सांभाळ, आणि या भावावर आहे तशीच माया असू दे.

तुझा,
सुदर्शन


लातूर, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसले.

मनूला तुमच्या ओटीत घातलं, तेव्हा मला कुणी मागितलं नव्हतं. विनीताची दोन बाळंतपणं रिकाम्या हातांची झाली होती आणि मला दोन मुलांवर तिसऱ्यांदा दिवस गेलेले. मीच म्हणाले, हे तुमचं. वाढदिवसाला मी यायचं नाही, हेही मीच ठरवलं. तेव्हा वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत मन वळेल.

ते वळलं नाही, बाबा. आजवर सांगितलं नाही ते सांगते. दरवर्षी त्या दिवशी मी शाळेतून रजा घेते आणि नांदेडच्या गाडीत बसते. चाकूर जातं, अहमदपूर येतं, तिथं उतरते. स्टँडवर चहा घेऊन समोरच्या गाडीने परत. यंदा रविवार होता, तर घरी मैत्रिणीकडे चालले म्हणून सांगितलं. तुझ्या भावजींना कळतं, पण ते विचारत नाहीत. सासूबाई तर मनूचं नावच घेत नाहीत. पोर दिली त्या दिवसापासून या घरात तो विषय नाही.

फ्रॉकचं माप मी वर्गातल्या पाच वर्षांच्या मुली बघून काढते. चुकणारच.

विनीताला हे पत्र दाखवू नकोस. तिच्या जिवाला घोर लागेल. मनूला माझ्याकडून एक पापा.

तुझी,
ताई


नांदेड, २३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना,
विनीताचा शि. सा. न.

तुमचं पत्र यांनी लपवलं, पण यांना लपवता येत नाही. डाळीच्या डब्यात सापडलं.

ताई, मला खरं लिहू द्या. तुम्ही येत नव्हता, त्याचं मला बरंच वाटायचं. तुम्ही दारात दिसलात तर पोरगी तुमच्याकडे बघेल आणि तिला आपोआप कळेल, अशी भीती पाच वर्षं मनात आहे. रस्त्यात कुणी म्हणालं, ही तुमच्यावर गेली नाही, तर माझं दिवसभर कामात लक्ष लागत नाही. तुम्ही दर वर्षी अर्ध्या वाटेवरून परत जाता, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी बोलावलं असतं का, देव जाणे.

आता बोलावते. वाढदिवस नको, साधा शनिवार असू दे. आठ मार्चला या. तिला कधी आणि कसं सांगायचं, तेही बसून ठरवू. मला अजून भीती वाटतेच, पण तुम्ही या.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
विनीता


लातूर, १० मार्च २०२५

चि. सुदर्शन व सौ. विनीतास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. शनिवारी तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

मनू झोक्यावरून पडली तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होते. माझे हात आपोआप पुढे झाले. ती उठली, गुडघा रक्ताळलेला, आणि मला ओलांडून थेट स्वयंपाकघरात ‘आई’ करत पळाली. माझे हात तसेच राहिले. विनीता, तू तिला उचलून बाहेर आलीस आणि माझ्याकडे बघून रडायला लागलीस. अगं, तुझी काय चूक? पोराला लागलं की ते आईकडे जातं. ती आईकडेच गेली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पोरगी कुणाची, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तू आता भिऊ नकोस.

दहा वर्षांची झाली की तुम्ही दोघांनी तिला सांगायचं ठरलं, ते मला मान्य आहे. तोवर मी आत्या. मधूनमधून येत जाईन.

घरी आले तर सासूबाई जाग्याच होत्या. पायावर पाणी घेऊन मी आत गेले, तशा मागून आल्या आणि एकदम म्हणाल्या, ‘कशी दिसती गं?’ पाच वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, रंग माझा हाय, नाक थेट तुमचं. त्या चहा ठेवते म्हणाल्या, गॅस पेटवला आणि रिकामं पातेलं त्यावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

तिघांनी एकमेकांना जपा.

तुमची,
सुकन्या