अवजारांचे वाटे होणार नाहीत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण आठवीपर्यंत, धंद्याने सुतार, नंतर विद्यापीठाच्या नाट्यविभागात नेपथ्याचा कार्यशाळा-शिक्षक आणि त्यानंतर अकरा वर्षे कला व मानव्यविद्या शाखेचा प्रभारी प्रमुख, माझ्यामागे काय कुणाचे ते या कागदावर लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला वार, महिना आणि मुलांची नावे विचारली. मी सगळे बरोबर सांगितले. मुलाचे नाव घेताना रक्तदाब वाढला, हे त्यांनी टिपून घेतले आहे. कुणाचे दडपण नाही. भीती आहे, पण ती जन्मापासूनची आहे, तिला कायद्यात दडपण म्हणत नसावेत. लिहायला बसण्यापूर्वी गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आलो.

हा कागद आत्ताच का, ते आधी सांगतो, नाहीतर मुलगा म्हणेल की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता. विद्यापीठातल्या नेपथ्याच्या शेडमधली अवजारे विद्यापीठाची नाहीत, माझी आहेत. मी मागणी करायचो, वरचे कार्यालय ती परत पाठवायचे. शेवटी घरची अवजारे उचलून नेली आणि ती तिथेच राहिली. आता माझी मुलगी त्या शेडमध्ये शिकवते. सध्याच्या शाखाप्रमुखांना ती शेड पाडून सभागृह बांधायचे आहे. अवजारांचा पुरा संच आहे तोवर नियमाने विभाग चालू ठेवावाच लागतो, म्हणून ते माझ्या मरणाची वाट पाहत आहेत. हे मी मनचे लिहीत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मुलीला जिन्यात गाठून माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, "नाही, त्यांच्यानंतर अर्धी अवजारं तुमच्या भावाची, आणि तो ती आम्हाला देतोय. अर्ध्या अवजारांवर विभाग चालत नाही हो, मॅडम."

मुलीने घरी येऊन हे सांगितले आणि ती जेवायला बसली. मी जेवलो नाही.

कलम पहिले. घर. तळमजला मुलीचा. वरचा मजला मुलाचा, पण शेवटचे कलम पुरे झाल्याशिवाय त्याला किल्ली देऊ नये. न्हाणीघराचा नळ डावीकडे हळू फिरवावा, जोर लावू नये. जोर लावणारा माणूस घरात एकच आहे, त्याला कळेल.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते दोघांत सारखे. त्यावरून भांडू नये. भांडण्याइतके ते नाहीच.

कलम तिसरे. सिंहासन. सध्याच्या शाखाप्रमुखांचे नाव मी या कागदावर लिहिणार नाही. मुले त्यांना 'प्रस्तावना' म्हणतात, कारण त्यांचे भाषण मूळ विषयापर्यंत पोहोचलेले कुणी पाहिलेले नाही. साहित्याचे मोठे प्राध्यापक आहेत, असे ते स्वतः सांगतात. त्यांना मी नाटकासाठी केलेले सिंहासन देतो. ते माझ्या माळ्यावर आहे. समोरून राजाचे आहे, मागून नुसत्या पट्ट्या आहेत. बसायला हरकत नाही, फक्त मागे टेकू नये. तिथे टेकण्यासारखे काही नाही.

कलम चौथे. शोकसभा भरवू नये. भरवलीच तर प्रस्तावना यांना बोलू देऊ नये. मी एकदाच मरणार आहे, आणि तेवढे पुरे आहे.

आता काही लोक म्हणतील की ज्याच्या खुर्चीवर हे आठवी पास गृहस्थ अकरा वर्षे बसले, त्याच्यावरच जळतात. म्हणून तेही लिहितो. जुने प्रमुख राजीनामा देऊन गेले तेव्हा खुर्चीवर दोघांचा डोळा होता, साहित्याचे प्रस्तावना आणि इतिहासाच्या बाई. बाईंना मुले 'तळटीप' म्हणत, कारण बैठक संपली की त्यांचे खरे म्हणणे सुरू व्हायचे. प्रस्तावना म्हणाले, बाई सोडून कुणीही. बाई म्हणाल्या, हे सोडून कुणीही. मी तेव्हा बैठकीच्या खोलीची खिडकी बसवत होतो. कुणीतरी सेवाज्येष्ठतेचा नियम काढला, आणि नोकरीत सगळ्यांत आधी लागलेला मी निघालो. त्या दोघांचे एकमत आयुष्यात एकदाच झाले, ते माझ्यावर. पंधरा दिवसांसाठी, असे मला सांगितले. मी तोंडात खिळे धरले होते, त्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

त्या खुर्चीवर मला एक दिवस सुखाचा गेला नाही. तत्त्वज्ञानवाले भाषावाल्यांची खोली मागत, भाषावाले संगीतवाल्यांचा आवाज कमी करा म्हणत, संगीतवाले गाऊनच उत्तर देत. मी सगळ्यांना "पाहू" म्हणत असे. माझ्या पाठीमागे मला 'पाहू साहेब' म्हणत. मला ठाऊक होते. प्रस्तावना मात्र तोंडावर म्हणायचे, "साहेब, रंधा मारल्यासारखा निर्णय द्या की एकदा." आणि सगळे हसायचे. तळटीपबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहितो. त्यांच्या बाजूने लिहिण्यासारखे दुसरे फारसे नाही.

दरवर्षी वरच्या कार्यालयाचे पत्र यायचे: आपल्या शाखेतील सर्वांत कमी गरजेचा विभाग कोणता, ते कळवावे. ते पत्र मी घरी घेऊन यायचो. बायको तेव्हा होती. ती म्हणायची, "उत्तर देऊ नका. ज्याला घर मोडायचंय, त्यानं स्वतः कुदळ आणावी." मी पत्र खणात ठेवायचो. पुढच्या वर्षी नवे यायचे. अकरा वर्षांत शाखेतला एकही विभाग बंद पडला नाही. प्रस्तावना प्रमुख झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी उत्तर पाठवले. मुद्द्यावर इतक्या लवकर ते तेवढे एकदाच आले. उत्तर होते: नाट्यविभाग.

कलम पाचवे. अवजारे. आता मुलाविषयी लिहावे लागेल. त्याला विद्यापीठाच्या वरच्या कार्यालयात मी लावला, चार लोकांच्या पाया पडून. आता तो तिथे वरच्या हुद्द्यावर आहे आणि प्रस्तावनांबरोबर चहा घेतो. मागच्या रविवारी आला, चपला न काढता बसला आणि म्हणाला की विद्यापीठ माझी अवजारे दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवणार आहे, खाली माझे नाव, माजी प्रमुख म्हणून. मला मान मिळेल, शेड तशीही पडायला आली आहे, ताईला दुसरे काम देतील.

मी विचारले, "कुठलं काम?"

"ग्रंथालयात. बसून असतं."

मी म्हणालो की तिला बसून काम करायचे असते तर मी तिला करवत कशाला दिली असती. त्यावर तो म्हणाला, "बाबा, कायद्यानं अर्धी माझी होतात. माझ्या अर्ध्याचं मी काय करायचं ते मी बघीन."

"कुठली अर्धी? करवतीचे दात तुझे आणि मूठ तिची का रे?"

"तुम्ही ना, आयुष्यभर कशाचाच निकाल लावला नाहीत. नुसतं पाहू, पाहू."

हा शब्द त्याने माझ्याच घरात मला ऐकवला. तो गेल्यावर मी कागद मागवला.

तर हा निकाल. शेडमधली माझी सर्व अवजारे, म्हणजे करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटे, हातोडे, दोन्ही शिकंजे आणि धार लावायचा दगड, एकत्र आणि अखंड माझ्या मुलीची. मुलाचा त्यात वाटा नाही, अर्धा नाही, एक खिळाही नाही. त्यातली एकही वस्तू काचेआड ठेवू नये. अवजार गंजले तर गंजू दे, पण हातात गंजू दे. विद्यापीठाने शेड काढून घेतलीच, तर मुलीने अवजारे आणि विद्यार्थी घेऊन या घराच्या तळमजल्यावर यावे. वर राहणाऱ्याला ठोकाठोक ऐकू येईल. त्याने तक्रार करू नये, केल्यास तिने "पाहू" म्हणावे.

या कागदाची अंमलबजावणी तळटीपबाईंनी करावी. त्यांचे माझे कधी पटले नाही. पण एखादी गोष्ट धरली की त्या सोडत नाहीत, आणि प्रस्तावनांना त्या आजही झोपू देत नाहीत. मला मेल्यावर असेच माणूस हवे आहे. त्यांनी होकार दिला आहे, तोही नाक मुरडून.

कलम सहावे आणि शेवटचे. शेडचे दार कुजले आहे. तीन वर्षे दुरुस्तीला मंजुरी नाही, म्हणजे दार पडेल आणि शेड धोकादायक ठरेल. माझ्या खाटेखाली सागाच्या चार लांब फळ्या आहेत. त्या मी कपाटासाठी ठेवल्या होत्या, आता कपाट नको. त्यांचे दार करावे. मी गेल्यावर पहिल्या सुटीच्या दिवशी मुलीने फळ्या शेडमध्ये न्याव्यात आणि मुलाने तिथे हजर राहावे. इतकी लांब फळी एकट्याने कापता येत नाही. सुटणारे टोक कुणी धरले नाही तर फळी शेवटची दोन बोटे कापायची उरली की आपल्याच वजनाने फाटते. ते टोक मुलाने धरावे. चारही फळ्या होईपर्यंत. मग वरच्या मजल्याची किल्ली त्याला द्यावी. तो आला नाही तर वरचा मजलाही मुलीचा, आणि त्याविरुद्ध कोर्टात जायचे तर त्याने जावे.

आला तर बहिणीशी बोललेच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. फळी हलू देऊ नये, एवढेच.

यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले नाही. कुणी दाखवले तर ते माझे नव्हे. मी कधी काही वेळेवर लिहिले नाही, हे सगळ्या शाखेला माहीत आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, दोघा साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली. सही थोडी हलली आहे. ती माझीच आहे.

लिहून ठेवणारा: (सही)

साक्षीदार पहिले: गल्लीतले डॉक्टर (सही). मी यांना आज तपासले आहे. शुद्धीत आहेत, रागात आहेत.

साक्षीदार दुसरे: चौकातले चष्मेवाले (सही)

ठिकाण: राहते घर, तळमजला
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार