नदीकडची खिडकी

अहो,

मी मैलूरला अक्काकडं जायले, बँकॉकला न्यायच्या कडक भाकऱ्या आणायला. भाजी झाकून ठेवलीय.

घरातली पहिलीच परदेशवारी, म्हणून महिनाभर हॉटेलाचं विचारायले, तर तुमचं आपलं "बघू". तुमच्या शाळेतल्या विनीता मॅडमनी एकदा नाव काय सांगितलं, लगेच बुकिंग! खाली स्टेशन, समोर इडली, खिडकीतून नदी. मॅडमचा त्या खिडकीतला फोटो बी तुमच्या फोनमधी हाय. कामून?

रागानं बुकिंग रद्दच करणार होते. पण तुमच्या आईंचे गुडघे आठवले. त्यांना लांब चालवंना. म्हणून हॉटेल तेच ऱ्हाऊ दिलंय.

खोली तेवढी बदलली, मागल्या बाजूची घेतली. खिडकीतून नुसती भिंत दिसती म्हणं. तुम्ही माझ्याकडं बघा.

शिवकन्या