शिवलेला टायर

प्रिय पोरी,

काल दुपारी शेजारच्यांच्या फोनवरून तुला एवढंच सांगितलं, की टिटवीला सायकलीवर बसू देऊ नकोस, सायकलीला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्यापाशी ठेव, का ते पत्रात लिहितो. तू घाबरून विचारत होतीस, बाबा, तुम्हाला बरं आहे ना. बरं आहे. उजवं कोपर सोललंय, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा वाईट येईल एवढंच. शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बोलण्यासारखं ते नव्हतं. कुलूप लावलंस ना? आधी जाऊन बघ, मग पुढचं वाच. तिची दुसरी किल्ली दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असते, ती पण काढून घे.

तुझी आई ठीक आहे. माझ्याशी दोन दिवस बेताचंच बोलते, त्याचं कारण पुढे येईल. आमच्या नळाचा वायसर बदलला, आता रात्रभर टपटप होत नाही. तुमच्या गॅसची नळी जुनी झाली होती, ती बदललीत का? दरवेळी विचारतो आणि दरवेळी तू हसण्यावारी नेतेस.

सुट्टीत टिटवी आजोळी आली तेव्हा बसच्या टपावरून तिची सायकल मीच उतरवून घेतली. कंडक्टर म्हणाला, आजोबा, सांभाळून, कंबर धराल. मी म्हटलं, तू शिट्टी वाजव. इतका आनंद झाला होता. पण पोरगी घरात पाऊल टाकते न टाकते तोच सुरू झालं. आबा म्हणतात, प्रवासातून आल्यावर आधी पाय धुवायचे. आबा म्हणतात, घास बत्तीस वेळा चावायचा. आबा म्हणतात, पुस्तक वाचताना उजेड डाव्या बाजूने यायला हवा. तुझे सासरे हेडमास्तर होते, ते सांगणारच, मला काही म्हणायचं नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर ते दिवसातून वीस वेळा येऊन बसायला लागले. मी खरंच बत्तीस वेळा चावून बघितलं. बाविसाव्याला भूक मेली. तुझी आई म्हणाली, व्याह्यांचं नाव निघालं की तुमचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं होतं, आरशात बघा एकदा. मी बघितलं नाही.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला हे काय सुचतंय. पण तूच मागे हसत हसत सांगितलं होतंस, की माझ्या पत्रातल्या चुकांखाली आबांनी सवयीने लाल पेनाने रेघा मारल्या. तू गंमत म्हणून सांगितलंस. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. त्यानंतर चार महिने मी तुला पत्र लिहिलं नाही, हात दुखतो म्हणून कळवलं. हात दुखत नव्हता.

चौथ्या दिवशी टिटवीची सायकल आमच्या फाटकाच्या पत्र्याला घासली आणि मागचा टायर कडेने चांगला बोटभर फाटला. आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, आपण घरीच दुरुस्त करू. ती डोळे पुसत म्हणाली, आबांना विचारते. लगेच शेजाऱ्यांकडे जाऊन फोन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने, ड्रायव्हरच्या हाती, कागदात गुंडाळलेला कोरा टायर हजर. वर सुबक अक्षरात तिचं नाव, खाली 'माप दोनदा तपासले आहे.' मी हत्यारांची पेटी काढून, पाटावर बसून तयार होतो. तो टायर मांडीवर घेतला तेव्हा नव्या रबराचा वास आला, आणि खरं सांगतो, मला तो वास सोसवेना.

टायर बसला नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या आबांनी लहान मापाचा पाठवला. मग मी माझी विद्या काढली. तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळ शिवले. आरीने टायरला भोकं पाडली, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने फाटलेली कड टाके घालून सांधली. आतून माझ्या जुन्या बुटाच्या चामड्याचा तुकडा लावला, त्याच्या कडा रापीने तासून तासून पातळ केल्या. दोन दिवस लागले. ती समोर बसून होती. दोऱ्याला मेण तिने ओढलं, टाके तिने मोजले, एकोणीस. मध्येच म्हणाली, आजोबा, हे आबांना येत नसेल ना? मी म्हटलं, प्रत्येकाला आपापलं येतं. वरून असा साळसूद बोललो, पण आतून ढोल वाजत होते. त्या दोन दिवसांत ती 'आबा म्हणतात' फक्त तीनदा म्हणाली. हो, मी मोजलं.

निघताना मात्र म्हणाली, चाक फिरताना टप टप लागतं. मी म्हटलं, चालवून चालवून बसेल. बूट पण आधी चावतो. त्याच भरात उरलेल्या चामड्याचा तुकडा माझ्या सायकलीच्या मागच्या टायरला लावला, तसाच शिवून. जोडीला जोड.

परवा सकाळी मी दळण घेऊन येत होतो. धान्य गोदामापाशी रस्ता जरा उतरतो, तिथे मागचं चाक बंदूक सुटल्यासारखं फुटलं. मी एकीकडे, पीठ दुसरीकडे. गोदामाचा हमाल मला उचलताना म्हणाला, बाबा, तुम्ही अर्धे पांढरे होतातच, आता पूर्ण झालात. घरी येऊन टायर उलटा करून बघितला. चामडं पाणी पिऊन फुगलं होतं. ज्या कडा मी एवढ्या प्रेमाने पातळ केल्या त्याच वाळून कडक झाल्या होत्या, सुरीसारख्या, आणि त्यांनी ट्यूब आतून कुरतडली होती. बाहेरचे टाके रस्त्याने घासून तुटले होते, आणि आरीच्या भोकाभोकांतून टायर नव्याने फाटत गेला होता, तिकिटाचा कागद फाटतो तसा. बुटाला जे चालतं ते टायरला चालत नाही, हे मला या वयात कळलं. मी फक्त टिटवीच्या शाळेचा रस्ता आठवत बसलो. पाण्याच्या टाकीचा उतार, खाली वळण, आणि समोरून येणारे ट्रक. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं, ते काल दुपारी आले. तोवर आमच्या घरात घास कोणी किती वेळा चावला देव जाणे.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुझं मागच्या आठवड्यातलं पत्र उशाखाली आहे. त्यात तू लिहिलंस, की आबांचं काही बरं दिसत नाही, टायरचं माप चुकल्यापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडालाय. बाजारात जात नाहीत, विजेचं बिल दोनदा तुझ्याकडून वाचून घेतात, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे तरी ऐकत नाहीत. पोरी, माप बरोबर होतं. टायर चढवताना समोरची कड रिंगच्या खोबणीत ढकलावी लागते, मग उरलेला टायर आपोआप चढतो. मी ती ढकललीच नाही, उलट ती आत जाऊ नये म्हणून तिथे अंगठा अडकवून ठेवला आणि टिटवीला म्हटलं, बघ, बसतो का? तिने ओढून बघितला, बिचारीचे हात लाल झाले. मग तिने शेजाऱ्यांचा फोन मागून आणला, माझ्यासमोर लावला आणि आबांना सांगितलं, तुम्ही चुकीचा पाठवलात. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं. म्हणाले, चुकलं असेल माझंच, बाळ, वय झालं. मी तेव्हा मान खाली घालून दोऱ्याला गाठ मारत होतो आणि मला बरं वाटत होतं. तो टायर परत पाठवतो म्हणालो आणि गोणपाटात गुंडाळून धान्याच्या डब्यामागे लपवला. परवा तुझी आई माझ्या कोपराला हळद लावून उठली, तो टायर काढून माझ्या खाटेवर ठेवला आणि आत गेली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. या पत्राबरोबर तो टायर त्याच ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. तो आबांच्या हाती दे, तुझ्या नवऱ्याच्या नको. समोरची कड खोबणीत ढकला म्हणावं, एका दमात बसेल. माझा शिवलेला फेकून द्या, टिटवी ठेवते म्हणाली तरी देऊ नको. आणि हे पत्र त्यांना वाचायला दे, पहिल्या ओळीपासून, बत्तीस घासांसकट. लाल पेन घेऊन बसले तर बसू दे. मी पुढच्या पत्राला चार महिने लावणार नाही.

तुझाच, कोपर आणि तोंड दोन्ही सोलून घेतलेला,
बाबा