घरात कुणी रडत नाही

म्बाशे नदीचं मुख
२९ डिसेंबर

प्रिय थांडेकाताई,

दोन दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. कागद मिळाला तर पेन नाही, पेन मिळालं तर शेजारच्या झोलाच्या गाडीला धक्का मारायला गेलो. सगळ्या सबबीच, तुला माहीत आहे मी कसा. आई बरी आहे. शेळीला दोन करडं झाली, एक अगदी तांबडं. ते राहू दे.

मिहलालीला सुट्टीत मजा यावी म्हणून तिला काय सोसत नाही याची तू तिच्यासोबत जी यादी पाठवलीस, ती मी नाताळच्या आदल्या दिवशी वाचली. तोवर पोरगी कान दाबून टेबलाखाली. वाळू चावते, कपड्यांच्या शिवणी टोचतात. आई म्हणाली, "सात वर्षांची घोडी झाली, लाड पुरेत." मग मी तिला माझे जाड मोजे घातले, शर्ट उलटा चढवला आणि ढोल-गाण्यापासून लांब, खाडीवर नेली. भरदुपारी, कुणी नसताना. कमरेएवढ्या पाण्यात ती हसली, ताई. मोठ्यानं. डोकं बुडवून वर आली आणि म्हणाली, "मामा, खाली कुणी ओरडत नाही."

मग रोज जायचो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खालची बाई मला घट्ट धरते. आईसारखं."

मी म्हटलं, "तिला माझ्याबद्दल विचार, माझं लग्न जमत नाहीये."

परवा मी काठावर झोलाशी गाडीबद्दल बोलत होतो. पाच मिनिटं. नाही, जास्त. वळलो तर पाणी सपाट. मोजे काठावर, नीट घडी केलेले. कोरडे.

ती सापडलेली नाही, ताई. पोलिसांचे पाणबुडे आले, काल संध्याकाळी परत गेले. आई म्हणते, नदीतल्या लोकांनी तिला बोलावून नेलंय, आणि घरचं एक जरी माणूस रडलं तरी ते परत सोडत नाहीत. म्हणून बायका घरची बिअर गाळतात, टाळ्या वाजवून गातात, आणि आई प्रत्येकाचे डोळे तपासत फिरते. सकाळी टोपलीत तंबाखू आणि भोपळ्याच्या बिया घालून पाण्यावर सोडली. हलकी टोपली, पण दगडासारखी बुडाली. नदीनं घेतली म्हणून बायका खूश झाल्या.

"थांडेकाला कळवायचं नाही. ती रडणार," असं म्हणून आईनं माझा फोन काढून घेतला. म्हणून हे पत्र. मला यातलं काही पटत नाही. तरी अजून मीही रडलेलो नाही.

फाटकाशी टॅक्सी थांबलीय. थांब जरा.

ताई, तू आलीस. नववर्षाला न सांगता टपकायचं, तुझी जुनी खोड. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला पोहायची लाल ट्यूब. हसत हसत मिहलालीला हाक मारतेयस. गाणं थांबलंय. आई दारात उभी राहून तुझे डोळे बघतेय.

कागद घेऊन तुझ्याकडेच येतोय.

ज्याच्या हाती पोर दिली होतीस तो,
बोंगा